तेवीस सेकंद आणि चार कॅमेरे

नाटकाचा प्रयोग होऊन आठ दिवस झाले तरी बाबा न्यायाधीशाच्या आवाजातच बोलत होते. चहात साखर कमी पडली की म्हणायचे, "हे ग्राह्य धरता येणार नाही." आई मुकाट्याने अर्धा चमचा साखर वाढवायची आणि मला फोनवर सांगायची, "कोर्ट अजून उठलेलं नाही गं."

बाबा बत्तीस वर्षं जमीनमोजणीच्या खात्यात होते. निवृत्त झाल्यावर मोजायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी इमारतीचा जिना मोजायला घेतला. एक पायरी इतरांपेक्षा अर्धा इंच बुटकी आहे, हे ते शेजाऱ्यांना थांबवून थांबवून सांगायचे. शेवटी त्यांच्या दातांच्या डॉक्टरांनी त्यांना नाटकात ओढलं. डॉक्टरही निवृत्त. आयुष्यभर ज्यांचे दात काढले त्यांनाच गोळा करून त्यांनी साठीच्या पुढच्यांचं नाट्यमंडळ काढलं होतं. यंदाचं नाटक त्यांनी स्वतः लिहिलं: एक निवृत्त न्यायाधीश, त्याची बहीण, आणि त्याने कधीकाळी दिलेला एक चुकीचा निकाल. न्यायाधीश बाबा, आणि बहीण म्हणजे बाबांची खरीखुरी धाकटी बहीण, माझी आत्या. "यांना अभिनय शिकवायला नको," डॉक्टर म्हणाले होते, "रोजच्यासारखं भांडा म्हटलं की झालं."

नाटकाचं संकलन माझ्या गळ्यात पडलं, कारण माझा धंदाच तो. चष्म्याच्या दुकानावर माझी एक खोली आहे. खिडकीला जाड पडदा, दोन मॉनिटर, माझी एक खुर्ची आणि गिऱ्हाइकांसाठी दुसरी. ती मुद्दाम जरा टणक घेतलेली आहे, म्हणजे कुणी फार वेळ बसत नाही.

हे रेकॉर्डिंग ज्येष्ठांच्या एका नाट्यस्पर्धेला पाठवायचं होतं, शुक्रवारी दुपारपर्यंत. नियम एकच, पण कडक: प्रयोग सलग हवा. कॅमेरे हवे तेवढे बदला, वेळेतला एक सेकंदही कापायचा नाही.

आम्ही चार कॅमेरे लावले होते. पहिला शेवटच्या रांगेमागे, त्यात सगळा रंगमंच दिसायचा. दुसरा डावीकडे, बाबांच्या चेहऱ्यावर. तिसरा उजवीकडे, आत्याच्या चेहऱ्यावर. चौथा म्हणजे माझा जुना फोन. तो रंगमंचाच्या कडेला प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवला होता, शेवटच्या टाळ्यांसाठी. हे सगळं फुटेज आवाजावरून एकमेकांशी जुळवायचं, की पडद्यावरच्या चार चौकटींत एकच क्षण चार बाजूंनी दिसायला लागतो. मग नाटक चालू करायचं आणि एक, दोन, तीन, चार अशी बटणं दाबत जायचं. जो आकडा दाबाल त्या कॅमेऱ्याचं चित्र खालच्या मुख्य टाइमलाइनवर जाऊन बसतं. उरलेली तीन चित्रं कुठे जात नाहीत, नुसती कुणाला दिसत नाहीत.

पहिला अंक सुरळीत बसला. गाडी अडली ती दुसऱ्या अंकात, न्यायाधीशाच्या मोठ्या भाषणापाशी. बाबा "आज मला एक कबूल करायचंय" म्हणतात आणि थांबतात. थांबतात ते तेवीस सेकंद.

नाटकात तेवीस सेकंद म्हणजे किती, ते पडद्यावर बघितल्याशिवाय कळत नाही. पण प्रयोगाच्या दिवशी गंमत झाली होती. लोकांना वाटलं, न्यायाधीशाचा कंठ दाटून आला. दोन-तीन बायकांनी डोळे पुसले. नंतर रंगपटात डॉक्टरांनी बाबांना मिठी मारली आणि म्हणाले, "काय पॉज घेतलात हो!" तेव्हापासून बाबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. कोण कोण फोन करून पॉजबद्दल विचारत होतं आणि बाबा सांगत होते, "पॉज घेता येत नाही, तो आतून यावा लागतो."

मंगळवारी सकाळी बाबा पॉजवर देखरेख करायला खोलीवर हजर झाले. टणक खुर्चीवर ऐसपैस बसले.

"काय संपादकबाई, आलो का आम्ही नीट?"

"बाबा, तुम्ही सगळीकडे नीट आलायत. दुसऱ्या कॅमेऱ्यात तर दुसरं काही नाहीच."

"तेवढाच ठेव मग. तेवीसच्या तेवीस सेकंद चेहरा. हलायचं नाही."

मी दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्र मोठं करून लावलं. बाबा कौतुकाने पुढे झुकले. पडद्यावरचे बाबा म्हणाले, "आज मला एक कबूल करायचंय," आणि त्यांच्या डोळ्यांतलं सगळं तेज कुणीतरी बटण दाबून घालवावं तसं गेलं. भुवया वर गेल्या. जीभ ओठांवरून फिरली. घराला कुलूप लावल्यावर किल्ली आत राहिल्याचं आठवावं, असा तो चेहरा होता.

"बाबा, हा पॉज आहे?"

"अंतर्मुख होतोय तो."

"तो अंतर्मुख झालाय खरा, पण आत त्याला काही सापडत नाहीये."

बाबांनी चष्मा काढून पुसला. "जवळून कुणाचाही चेहरा घेतला तर असाच दिसणार. तू जरा लांबून दाखव."

"आणि ते बत्तीस?" मी विचारलं. भाषणाचं पुढचं वाक्य होतं, 'चाळीस वर्षं मी निकाल दिले, न्याय दिला का ते कुणी विचारलं नाही.' बाबांनी तेवीस सेकंदांनंतर ते खणखणीत आवाजात म्हटलं होतं, पण चाळीसच्या जागी बत्तीस. डॉक्टरांनी स्तुतीच्या भरातही तेवढी कुरकुर केली होती.

"ते मी मुद्दाम केलं," बाबा म्हणाले आणि उठले. "आकडा गोल असला की खोटा वाटतो. मोजणीतला अनुभव आहे माझा."

बुधवारी आत्या आली. जिना चढून तिला दम लागला होता, पण तो खाली बसायच्या आत ती बोलायला लागली. "दादाने काय सांगितलं ते मला सांगूच नकोस. आधी माझा कॅमेरा लाव."

मी तिसरा लावला. बाबा गप्प झाले तसं आत्याच्या तोंडचं पाणी पळालं. सहा सेकंद ती डोळे विस्फारून भावाकडे बघत राहिली. सातव्या सेकंदाला म्हणाली, "दादा, पाणी देऊ का?" हे वाक्य नाटकात कुठेही नव्हतं. टेबलावर शोभेचा तांब्या होता, रिकामा. आत्याने तो उचलला, पेल्यात ऐटीत ओतला आणि पेला बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो तोंडाला लावला आणि घटाघटा हवा प्यायली.

मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. आत्या मात्र गंभीर होती.

"हसतेस काय? अख्खं नाटक मी वाचवलंय. दादाला विचार, मान्य करणार नाही. लहानपणी पोहायला गेला तेव्हाही मीच केस धरून ओढला होता त्याला, ते तरी कुठे मान्य करतो!"

"पण आत्या, पाणी प्यायल्यावरही बाबा बोलले नाहीत. पेला खाली ठेवून परत सात-आठ सेकंद उभेच आहेत."

"गुण यायला वेळ लागतो," आत्या म्हणाली. "ते राहू दे. तांब्या दिसला पाहिजे मला, सांगून ठेवते."

ती गेल्यावर मी पुन्हा तो भाग चालवला. एक गोष्ट मला टोचत होती. एकोणिसाव्या सेकंदाला बाबा मान वळवतात, खाली डावीकडे कुठेतरी बघतात, आणि त्यांचा चेहरा हळूहळू माणसात येतो. तिथे आत्या नव्हती. विंगही नव्हती. तिथे पहिली रांग होती.

चौथा कॅमेरा मी तोवर बाजूलाच ठेवला होता. फोनचं रेकॉर्डिंग एका वेगाने चालत नाही, त्यामुळे सुरुवातीला जुळवलेला आवाज तासाभराने मागेपुढे सरकतो. शेवटच्या टाळ्यांसाठी एवढी मेहनत कोण घेणार, असा माझा विचार होता. आता बसले. नाटकातला प्रत्येक मोठा आवाज, दाराचा, काठीचा, कुणाच्या खोकल्याचा, धरून तुकड्या-तुकड्याने ते जुळवलं. जेवणाची वेळ टळून गेली. मग चारही चौकटी एकदम चालू केल्या.

चौथ्या चौकटीत पहिल्या रांगेत आई होती. नाटकबिटक आपल्याला कळत नाही, असं म्हणणारी, प्रयोगालाही "जायला हवं म्हणून" आलेली आमची आई. बाबा गप्प झाले आणि पाचव्या सेकंदाला आईचे ओठ हलायला लागले. आवाज नव्हता. पूर्ण वाक्य, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून. बाबांचं लक्ष नाही. आईने पुन्हा म्हटलं. आत्याने हवा ओतली, बाबांनी ती प्यायली. तिसऱ्यांदा म्हणायला आई थोडी पुढे सरकली, तेव्हा बाबांनी खाली पाहिलं, आणि मग तिने ते म्हटलं.

मी तो तुकडा संथ करून बघितला. चाळीस म्हणताना ओठ मिटत नाहीत. बत्तीस म्हणताना सुरुवातीलाच मिटतात. आईचे मिटले होते.

गुरुवारी सकाळी मी घरी गेले. बाबा फिरायला गेलेले. आई दोरीवरून चादरी काढत होती. मला बघून तिने एका चादरीची दोन टोकं माझ्या हातात दिली आणि आम्ही समोरासमोर उभ्या राहून घड्या घालायला लागलो.

"आई, नाटकात बाबा थांबले तेव्हा तू काय करत होतीस?"

"मी? बसले होते."

"तोंड हलत होतं तुझं."

"जांभई देत असेन. किती लांबवलंय ते दुसऱ्या अंकात."

"आई, जांभईत जोडाक्षरं नसतात."

आईने चादरीचं टोक जरा जोरात ओढलं. मग हसू दाबत म्हणाली, "दिसलं होय त्यात?"

"तीनदा. तुला सगळं भाषण पाठ आहे?"

"भाषण काय, वन्संचंही सगळं पाठ आहे मला. तीन महिने तुझे बाबा बाल्कनीचं दार लावून म्हणायचे, मला त्रास नको म्हणून. त्यांच्या आवाजाला दार अडवणार आहे का? मी भाजी चिरतेय आणि ते मला फाशी सुनावतायत."

"मग बत्तीस कुठून आणलंस?"

आमच्या दोघींच्या मधे चादर ताणलेली. "अगं, त्या गडबडीत तोंडाला आलं ते म्हटलं. बत्तीस वर्षं सकाळी सातला डबा भरलाय. तो आकडा तोंडात बसलाय माझ्या. चाळीस वर्षं कोण कुठला न्यायाधीश होता, मला काय त्याचं!"

मला हसू आलं. मी घडी घालण्यात लक्ष घातलं.

"ते त्यात घालू नकोस," आई एकदम म्हणाली. "माझं तोंड. किती वर्षांनी लोक त्यांना आपणहून फोन करतायत. राहू दे तो पॉज त्यांचा. आणि त्यांना म्हणून दाखवू नकोस की तुला कळलंय."

मी मान डोलावली. मनात मात्र चरफडत होते. चार कॅमेऱ्यांतलं सगळ्यात चांगलं चित्र हाताशी असावं आणि ते वापरता येऊ नये, हे संकलकाला किती लागतं ते दुसऱ्या कुणाला कळणार नाही.

शुक्रवारी सकाळी दहाला खोलीचं दार वाजलं. बाबा होते, आणि त्यांच्या मागे जिन्याच्या कठड्याला धरून आई. माझ्या खोलीवर ती पहिल्यांदाच आली होती.

"कुठे नेताय म्हणून ही विचारत होती सारखी," बाबा म्हणाले. "म्हटलं, तपासणीला. बस अगं." त्यांनी तिला टणक खुर्चीवर बसवलं आणि मला म्हणाले, "चौथा कॅमेरा लाव."

"बाबा, चौथ्यात काही नाही," मी म्हटलं. "प्रेक्षक आहेत नुसते."

"प्रेक्षकच बघायचेत. मी कुणाकडे बघितलं ते मला माहीत नसणार होय?"

"अहो," आई म्हणाली, "आपलं काय ठरलं होतं?"

"ठरलं होतं की मी कुठे बोलायचं नाही. आठ दिवस बोललो नाही. बघायचं नाही असं कुठे ठरलं होतं?"

तर असं होतं. दोघांचं आधीच संगनमत होतं आणि मी आपली दोघांना एकमेकांपासून जपत बसले होते. मी कपाळाला हात लावला आणि चौथा कॅमेरा लावला.

बाबांनी तो तुकडा चार वेळा बघितला. पहिल्यांदा चष्म्यातून, मग चष्मा काढून. चौथ्यांदा त्यांचा आवाज न्यायाधीशाचा राहिला नव्हता. "मला त्या वेळी हिच्याशिवाय काही दिसत नव्हतं," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "समोर पाचशे माणसं आणि डोकं कोरं. ही दिसली आणि म्हटलं, चला, घरीच आहोत." मग घसा साफ करून म्हणाले, "हे पूर्ण घाल. तिन्ही वेळचं."

"अजिबात नाही," आई म्हणाली. "सगळ्या गावाला कळेल, तुम्ही विसरलात ते."

"कळू दे."

"तुम्हाला कळू दे वाटतंय. उद्या फोन यायचे बंद झाले की माझंच डोकं खात बसाल."

वेळ चालला होता. दोनपर्यंत पाठवायचं होतं. मी म्हटलं, "आई, तूच कर. हे आकडे दाबायचे. जो दाबशील तो कॅमेरा जाईल. तुला जे दाखवायचं ते दाखव."

आईने आधी नको नको केलं, मग चष्मा सारखा केला आणि बोट पुढे केलं. मी भाषण चालू केलं. "आज मला एक कबूल करायचंय." आईने दोन दाबलं, बाबांच्या चेहऱ्यावर थांबली, पण भुवया वर जायच्या आत एक दाबून लांबचं चित्र आणलं. मी चकित झाले. माझ्या हातूनही याहून नेमकं झालं नसतं. "पाणी देऊ का?" वर तीन. तांब्या उचलला, ओतला, सगळं दाखवलं. "वन्सं खूश होतील," ती पुटपुटली. पेला टेबलावर येताच पुन्हा दोन. बाबांनी मान वळवली, खाली पाहिलं. आईचं बोट तसंच.

मी चित्र थांबवलं. "आई, इथे अडचण आहे. त्यांनी कुणाकडे तरी बघितलंय. बघणारा विचारणार, कुणाकडे?"

"नाही दाखवलं तर?"

"तर हवेत बघतायत असं वाटेल. हवा एकदा पिऊन झालीये."

बाबा मोठ्याने हसले. आईही हसली. बराच वेळ चौथ्या चौकटीकडे बघत होती, तिथे ती स्वतः खुर्चीच्या कडेवर येऊन बसलेली. मग म्हणाली, "ओठ मिटलेले आहेत तेवढंच. बोलायच्या आधीचं. ते मिळेल?"

"मिळेल."

मी पुन्हा चालू केलं. बाबांनी खाली पाहिलं आणि आईने चार दाबलं. मुख्य टाइमलाइनवर ती आली. मान वर, ओठ मिटलेले, नवऱ्याकडे बघणारी एक बाई. ओठ उघडायच्या आत आईने दोन दाबलं. पडद्यावर बाबांचा चेहरा, आणि खणखणीत आवाज: "बत्तीस वर्षं मी निकाल दिले."

"दीड सेकंद झाला," मी मोजून सांगितलं.

"अजून दोन सेकंद वाढव," बाबा म्हणाले.

"बास झालं," आई म्हणाली आणि पर्स उचलून उठली. "तुमचा पॉज वेगळा, माझा वेगळा."

मी एक फ्रेमही हलवली नाही. पाऊणच्या सुमाराला फाइल पाठवली.

निकाल दीड महिन्याने लागला. पहिला नंबर आला नाही, उत्तेजनार्थ आलं. परीक्षकांनी लिहिलं होतं की न्यायाधीशाची नजर प्रेक्षकांतल्या एका अनोळखी बाईकडे जाते तो क्षण फार बोलका आहे. डॉक्टरांनी ते आपल्या दिग्दर्शनाचं श्रेय म्हणून सगळ्यांना वाचून दाखवलं. आत्याचं म्हणणं, परीक्षकांना तांब्या कळलाच नाही. आणि बाबा दोन दिवस आईला "अनोळखी बाई" म्हणून हाक मारत होते, तिसऱ्या दिवशी तिने चहाच दिला नाही, तेव्हा थांबले.

आई आता गुरुवारी खोलीवर येते. मी कधी बोलावलं नाही, तीच येते. टणक खुर्चीवर घरून आणलेली उशी घालते. परवा एका निवृत्त साहेबांच्या सत्काराचं काम होतं, तीन कॅमेरे. साहेब आभार मानायला उभे राहिले होते आणि मी त्यांचा चेहरा ठेवला होता.

"तीन नंबर बघ," आई म्हणाली. "त्यांची बायको घड्याळाकडे बघतेय."

"आई, ते दाखवता येणार नाही. गिऱ्हाईक आहेत आपले."

"दाखव म्हणत नाही गं, बघ म्हणतेय. आता तिने पर्स जवळ घेतली. म्हणजे दीड मिनिटात संपणार भाषण."

"त्यांच्या हातात अजून दोन कागद आहेत."

"कागद असू देत," आई म्हणाली.

मी पैज लावून घड्याळ सुरू केलं. एक मिनिट पस्तीस सेकंदांनी साहेबांनी कागदांची घडी घातली, खिशात ठेवली आणि सर्वांचे आभार मानून खाली बसले.